गुडघ्याला पिवळं कार्ड

आमच्या शेजारच्या बापूंनी स्वतःच्या बायकोच्या डाव्या गुडघ्याला पिवळं कार्ड दाखवलं, तेव्हा मी त्यांच्या दारात पेपर मागायला उभा होतो.

सकाळचे सात वाजले होते. काकू पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. समोर बापू ताठ उभे, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. त्यांनी आधी ती शिट्टी वाजवली. मग सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढून हात सरळ वर केला, गुडघ्याकडे काही क्षण रोखून बघितलं आणि दुसऱ्या खिशातली वही काढून त्यात नोंद केली. काकू मला म्हणाल्या, या सर, बसा. घरोघरी सकाळी हेच चालत असावं अशा सुरात म्हणाल्या. मी बसलो. बापूंनी उजव्या गुडघ्याला बोट दाखवून तोंडी ताकीद दिली आणि मगच माझ्या हातात पेपर ठेवला.

"डावा लई माजलाय," ते म्हणाले. "उजवा त्येचं बगून करतोय."

बापू उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते, पण ती त्यांची फक्त नोकरी. त्यांचा खरा धंदा म्हणजे फुटबॉलची रेफ्रीगिरी, आणि ती त्यांनी तीसेक वर्षं केली. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. इथं पेठापेठांतल्या तालमींचे संघ आहेत. ज्या घरात मुलगा कुठल्या शाळेत जातो हे बापाला धड सांगता येत नाही, त्या घरात एखाद्या जुन्या मॅचमध्ये कोणाच्या कोपराला बॉल लागला होता यावर अजून दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. अशा गावात रेफ्री होणं म्हणजे काय, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या घरी बसून करावा.

बापूंचं एकच तत्त्व होतं: फाऊल तो फाऊल. फुटबॉलमध्ये एक नियम आहे. समजा, एखाद्या खेळाडूला कुणी पाय घातला, पण तो धडपडून सावरला आणि बॉल अजून त्याच्याच पायात आहे. अशा वेळी शिट्टी वाजवली तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचंच नुकसान होतं. म्हणून रेफ्री शिट्टी न वाजवता दोन्ही हात पुढं पसरतो. याचा अर्थ, फाऊल मी बघितलाय, पण खेळ चालू. याला ॲडव्हान्टेज म्हणतात. बापूंनी तीस वर्षांत एकदाही ॲडव्हान्टेज दिला नाही. एका फायनलला एक पोरगा पाय लागूनही सावरला आणि मोकळ्या गोलसमोर बॉल घेऊन एकटा पोचला, तेव्हा बापूंनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि त्याच पोराला फ्री किक बहाल केली. त्या दिवशी बापूंना मारायला धावले ते त्या पोराच्याच बाजूचे लोक. बापू स्टेडियममधून एका दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मध्ये बसून बाहेर पडले. त्याबद्दल विचारलं की अजूनही ते शांतपणे म्हणतात, "फाऊल बगून न बगितल्यागत करायचं, मग शिट्टी कशाला घालायची गळ्यात?"

तर अशा माणसाच्या घरात तीन वर्षांपूर्वी काकूंचं दुखणं आलं.

सुरुवात भाकरीपासून झाली. काकूंची भाकरी म्हणजे कॉलनीत नाव होतं. ती एका बाजूला जाड यायला लागली. मग कळलं की सकाळी उठल्यावर तासभर त्यांची बोटं मिटतच नाहीत. वात म्हणून तेलं झाली, निर्गुडीचा शेक झाला, कागलहून काकूंच्या भावानं कसलातरी पाला पाठवला तोही बांधून झाला. शेवटी राजारामपुरीतल्या एका संधिवाताच्या डॉक्टरबाईंकडं जायचं ठरलं. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, म्हणून मला सोबत नेलं. त्या वेळी माझी किंमत होती.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि समजावून सांगणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, हा साधा वात नाही. शरीरात जंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते, पांढऱ्या पेशींची. यांच्या शरीरात ती चुकून आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते आहे. इतका वेळ भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र बघत बसलेले बापू एकदम सावरून बसले.

"म्हंजे आपलीच टीम, आपल्याच गोलवर?"

"हो, तसंच म्हणा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आन् रेफ्री काय करतोय?"

डॉक्टरबाईंना आधी हसू आलं. मग त्या म्हणाल्या की प्रश्न चांगला आहे, अशा आवर घालणाऱ्या पेशी खरंच असतात. या आजारात त्या कमी पडतात, नाहीतर त्यांचं कुणी ऐकत नाही. त्यानंतर त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, काकूंच्या माहेरची माहिती विचारली, घरात कुणी सिगारेट ओढतं का विचारलं, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं. जिना उतरताना बापूंनी माझा दंड धरला आणि एखादं गुपित सांगावं तसं म्हणाले, "सर, प्रॉब्लेम रेफ्रीचा हाय."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडून बारावीचं पुस्तक घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी परत आणून दिलं, ह्यात कायबी न्हाय म्हणून. मला राग आला. मी वीस वर्षं त्या पुस्तकावर पगार घेतोय आणि तो धडा तर पंधरा मिनिटांत उरकतोय. पण बापू थांबले नाहीत. फौंड्रीतल्या एका मित्राची नात डॉक्टरकी शिकत होती, तिची जाडजूड पुस्तकं त्यांनी घरी आणली. शेजारी डिक्शनरी घेऊन ते एकेक पान फोडायला बसले. समजलेलं सगळं ते आपल्या रेफ्रीच्या लांबट वहीत लिहायचे. प्रत्येक मॅचनंतर ज्या वहीत कुणाला कार्ड दाखवलं, का दाखवलं, याचा रिपोर्ट लिहायची त्यांना सवय होती, तीच वही. प्रत्येक नोंदीखाली ते लिहायचे, "सर, बघणे." आणि वही माझ्या घरी यायची.

मी त्या वहीतून जे शिकलो ते मला एम.एस्सी.ला कुणी शिकवलं नव्हतं.

छातीच्या हाडामागं एक ग्रंथी असते. तिथं नव्या टी-पेशी तयार होऊन बाहेर पडतात. बापूंच्या मते ही सिलेक्शन ट्रायल. तिथं प्रत्येक पोराला आपल्या घरच्या माणसांचे नमुने दाखवतात. जो आपल्याच माणसाला टॅकल घालतो त्याला बाहेर काढत नाहीत, जागच्या जागी संपवतात. एवढी कडक ट्रायल कुठल्या तालमीत नाही, असा शेरा बापूंनी मारला होता. तरी दोनचार हुंब, आडदांड पोरं वशिल्यानं सुटतात, तीच पुढं घात करतात.

बी-पेशी म्हणजे चौकाचौकांत फोटोंचे डिजिटल बोर्ड लावणारी पोरं. ज्याच्या अंगावर त्यांनी बोर्ड चिकटवला, त्याला बाकीच्यांनी जाऊन हाणायचं. काकूंच्या अंगात ह्या पोरांनी आपल्याच माणसांवर बोर्ड लावलेत. बरं, त्यांना बोर्ड लावायला सांगितलं कुणी, तर त्या वशिल्यानं सुटलेल्या टी-पेशींनी. आणि मेमरी पेशी म्हणजे जुनी मॅच न विसरणारे. यावर त्यांनी जास्त काही लिहिलं नव्हतं. कोल्हापुरात ते लिहायची गरजही नव्हती.

पेशी एकमेकींना चिथावण्यासाठी काही रसायनं सोडतात, त्यांना बापू हलगीवाले म्हणत. मैदानावर धक्काबुक्की होते ती दोघांत, पण गॅलरीत हलगी कडाडली की दोघांची दोनशे होतात. स्टेरॉइड म्हणजे लाठीचार्ज. मारामारी थांबते, पण शेंगदाणे विकणाऱ्यालाही दोन बसतात. म्हणून ते थोडे दिवसच. आठवड्यातून एकदाच घ्यायची जी गोळी होती, ती मात्र त्यांना पसंत होती. ती देताना ते काकूंसमोर पाण्याचा तांब्या घेऊन असे उभे राहायचे, की राष्ट्रगीत सुरू होईल असं वाटावं.

यापुढचं तर्कशास्त्र खास बापूंचं. आतला रेफ्री कमी पडतोय, तर बाहेरून रेफ्री पुरवायचा. म्हणून रोज सकाळी सातला, सांधे सगळ्यात जास्त आखडलेले असतात त्या वेळी, शिट्टी. मी त्यांना सांगून बघितलं की पेशींना कान नसतात. ते म्हणाले, पेठेतल्या बचावाला खेळणाऱ्या पोरांनाही नव्हते, पण तीस वर्षांत काही फरक पडलाच की. मग मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, मग शिट्टीला माझी हरकत नाही. आणि काकू म्हणाल्या, "वाजवू देत की. त्येंना काय तर करायला पायजे."

आता गेल्या वर्षीच्या प्रात्यक्षिकाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्यामुळं आमच्या कॉलनीतली दोन घरं महिनाभर आखडून होती.

ज्येष्ठ नागरिक संघानं बापूंना संधिवातावर चार शब्द बोलायला बोलावलं. बापू म्हणाले, बोलून कळत नसतं, खेळून दाखवतो. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर त्यांनी फक्कीनं आडव्या-उभ्या रेषा मारल्या. आठ ज्येष्ठांना पांढरे शर्ट घालून पांढऱ्या पेशी केलं. चौघांना जंतू केलं. निवृत्त मुख्याध्यापक चौगुले सरांना मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून सांगितलं, तुम्ही गुडघा. सरांनी ते काम गंभीरपणे घेतलं. मला माईक देऊन समालोचनाला बसवलं.

बापूंना दाखवायचं असं होतं, की काही जंतूंचा पेहराव आपल्याच माणसांच्या पेहरावासारखा असतो आणि मग पेशींची फसगत होते. म्हणून जंतूंना त्यांनी बदामी शर्ट घालायला लावले. पेशींना एकच हुकूम: बदामी दिसला की धरायचा. चौगुले सरांचा शर्ट एके काळी पांढरा होता. पण निवृत्तीनंतरच्या बारा वर्षांच्या धुण्यानं तो कुठल्या रंगाचा झालाय, याची कुणी चौकशी केली नव्हती.

शिट्टी झाली. पहिले दोन जंतू धरले गेले, टाळ्या पडल्या. मग एका पांढऱ्या पेशीनं सरांच्या शर्टाकडं बघितलं. पुढं जे झालं ते इतक्या झटपट झालं की मला समालोचन सुचेना. आठही पेशी गुडघ्यावर तुटून पडल्या. त्यांतल्या दोघांना सरांनी शाळेत अंगठे धरून उभं केलं होतं, ही गोष्ट आम्हाला नंतर कळली. सर खुर्चीसकट उचलले गेले. "मी गुडघा आहे, मी गुडघा आहे," असं ते शुद्ध मराठीत सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. उरलेले दोन जंतू बाजूला उभं राहून केळी खात होते.

मी माईक टाकून बापूंकडं धावलो, शिट्टी वाजवा म्हणालो. बापू हाताची घडी घालून उभे होते. "न्हाय," ते म्हणाले. "रेफ्री नसला की काय हुतं ते लोकास्नी दिसू दे."

ते सगळ्यांना दिसलं. मला आवर्जून सांगायचंय ते वेगळंच. काकू कडेला खुर्चीवर बसून हसत होत्या. इतक्या हसत होत्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि बोटं वळत नसल्यामुळं त्यांनी ते मनगटाच्या मागच्या बाजूनं पुसलं. बापू मैदानाकडं बघतच नव्हते. ते काकूंकडं बघत होते. चौगुले सर महिनाभर बापूंशी बोलले नाहीत. नंतर एक दिवस आपल्या थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन स्वतःच आले आणि ह्यात कुणाचा फाऊल आहे ते विचारून गेले. तोही आपल्याच टीमचा निघाला.

बापूंची आणखी एक तऱ्हा होती, ती मात्र मला कळत नव्हती. डॉक्टरबाईंकडं पहिल्यांदा जाऊन आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी सिगारेट सोडली. सोप्यातल्या खुर्चीत बसून, खिडकीच्या गजावर राख झाडत ओढायची त्यांची जुनी सवय होती, ती एका दिवसात बंद. आम्ही कौतुक केलं. पण त्याच सुमारास त्यांनी रोज संध्याकाळी सहाला एक लाकडी स्टूल उचलून फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन बसायला सुरुवात केली. घड्याळ लावून नव्वद मिनिटं. मध्ये पंधरा मिनिटं उभं राहायचं, पुन्हा बसायचं. पावसात छत्री घेऊन बसायचे. मी थट्टा केली की म्हणायचे, हवा चांगली असती हितं. समोर गटार होतं. आणि स्टेडियममध्ये जाणं त्यांनी साफ सोडलं. आम्ही समजलो, वय झालं.

यंदाच्या मोसमात बापूंच्या लहानपणीच्या तालमीचा संघ कितीतरी वर्षांनी फायनलला गेला. रेफ्री असताना त्यांना कुणाच्या बाजूनं ओरडता आलं नव्हतं. आता ओरडायला मोकळे होते. फायनलच्या आठवडाभर आधी काकू मला एकटं गाठून म्हणाल्या की त्यांना ही मॅच बघायची आहे, आणि ती बापूंच्या शेजारी बसून बघायची आहे. बापूंचा रेफ्रीचा काळा ड्रेस तीस वर्षं दर शनिवारी त्यांनी इस्त्री केला, पण नवऱ्याला मैदानावर एकदाही बघितलं नाही. बापू येऊच द्यायचे नाहीत. गॅलरीत रेफ्रीच्या घरच्यांचा जो उद्धार होतो तो बायकोच्या कानावर पडू नये, म्हणून. सहा महिन्यांपासून नवं इंजेक्शन सुरू होतं आणि काकूंना आता पायऱ्या चढता येत होत्या. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं?

"चढाय येतंय तवर एकदा जाऊन यायचं हाय," काकू म्हणाल्या. "पर ते न्हाय म्हणत्यात. का, ते सांगत न्हाईत."

मी विचारून बघतो म्हणालो. विचारायची वेळ आली नाही. दोन दिवसांनी वही तपासायला आली. नव्या इंजेक्शनची नोंद होती. हे औषध लाठीचार्ज करत नाही, गॅलरीत जाऊन नेमका मुख्य हलगीवाला धरतं, असं लिहिलं होतं आणि ते बरोबर होतं. मी पान उलटलं. पुढच्या पानावर मॅचचा रिपोर्ट होता.

"सामना: घर. खेळाडू: स्वतः. गुन्हा: लग्नापासून सोप्यात बसून सिगारेट. ती शेजारी भाजी निवडत असायची. धुरामुळे फुफ्फुसातल्या प्रोटीनचा रंग बदलतो. रंग बदलला की आपली पोरं त्याला ओळखत नाहीत, बोर्ड लावतात. तिथून सुरुवात. पंचाचा निर्णय: लाल कार्ड. रोज नव्वद मिनिटं मैदानाबाहेर. स्टेडियम बंद. मुदत: तिची मूठ मिटेल तोपर्यंत."

आणि खाली, नेहमीसारखं: "सर, बघणे."

दोन वर्षं मी त्या स्टुलाची थट्टा केली होती. मला स्वतःची लाज वाटली आणि बापूंबद्दल इतकं वाईट वाटलं की संध्याकाळचा चहा तसाच राहिला. मग मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सिगारेट ओढणाऱ्याला स्वतःला हा आजार होण्याचा धोका वाढतो आणि ते साधारण अशाच मार्गानं होतं, हे खरं आहे. शेजारी बसणाऱ्याचं तितकं नक्की सांगता येत नाही. त्यात आनुवंशिक ठेवण असते, इतर दहा गोष्टी असतात. एका माणसाकडं बोट दाखवून याच्यामुळं झालं, असं कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही.

सहा वाजता फाटकाबाहेर जाऊन मी बापूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. घड्याळ बघितलं. पूर्वार्ध संपायला वेळ होता.

"नक्की न्हाय म्हंजे न्हाईच, असं बी न्हाय की, सर," ते म्हणाले. "आन् मी कवा पुरावा मागत बसलो? मला दिसलं की मी शिट्टी वाजवायचो. लोकाच्या पोरास्नी सोडलं न्हाय. सोताला कसं सोडू?"

मग मी काकूंना सांगितलं. बरोबर केलं की चूक, मला ठाऊक नाही. काकू स्वयंपाकघरात बसल्या होत्या. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"ते स्टूल हवेसाठी न्हाय, येवढं मला कळतंय की," त्या म्हणाल्या. "माझ्या आईचे हातबी असेच वाकडे झालते. ती कागलात हुती. ती काय ह्येंच्या सिगारेटीजवळ बसत हुती?" त्यांनी आपले हात उलटसुलट करून बघितले. "आता तुम्ही काय बोलू नका, सर. मी बगते. तुम्ही फकस्त रिक्षा सांगून ठेवा."

फायनलच्या दिवशी मॅच चारला होती. दुपारपासून आमच्या रस्त्यावरून झेंडे लावलेल्या मोटरसायकली चालल्या होत्या. बापूंनी त्या दिवशी तीनलाच स्टूल बाहेर काढलं, कारण घरात बसलं तर काकू विषय काढतील. ते रस्त्याकडं तोंड करून बसले होते आणि प्रत्येक मोटरसायकलवरचा झेंडा कुठल्या तालमीचा ते बघत होते. पलीकडं मी रिक्षा घेऊन उभा होतो.

काकू बाहेर आल्या. त्यांनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि पायात डॉक्टरबाईंनी सांगितलेले बूट होते. फाटकापाशी येऊन त्यांनी काठी भिंतीला टेकून ठेवली आणि हाक मारली. बापू वळले.

काकूंनी दोन्ही हात पुढं पसरले. कोपरं पूर्ण सरळ झाली नाहीत. मनगटं एका अंगाला झुकलेली होती आणि बोटं वाकडी. पण ती खूण कुठली आहे ते तीस वर्षं मैदानावर घालवलेल्या माणसाला सांगायची गरज नव्हती. काकूंनी मॅच बघितली नसली, तरी नवरा कोणती गोष्ट कधीच करत नाही म्हणून गाव त्याला शिव्या घालतं, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

बापू उभे राहिले.

"फाऊल झालता की गं, इंदे."

"झालता," काकू म्हणाल्या. "मी काय आंधळी न्हाय. पर बॉल अजून माझ्याच पायात हाय. तुम्ही शिट्टी वाजवून मला थांबवू नका."

गळ्यातली शिट्टी बापूंनी सदऱ्याच्या आत टाकली. मग स्टूल उचललं, फाटकातून आत आले, ते जिन्याखाली ठेवलं आणि आतून छत्री घेऊन आले. गॅलरीत ऊन लागंल म्हणाले. काकूंचे हात अजून तसेच पुढं होते. बापूंनी ते एकेक करून हळूच खाली घेतले आणि काठी उजव्या हातात दिली.

स्टेडियममध्ये आम्ही पोचलो तेव्हा खेळ सुरू होऊन गेला होता. काकू एकेक पायरी चढत होत्या, एका पायरीवर दोन्ही पाय आले की थांबत होत्या. बापू एक पायरी खाली राहून दोन्ही हात तयार ठेवून मागून येत होते. आम्ही निम्म्यावर असताना खाली मैदानावर त्यांच्या तालमीच्या पोराला मागून पाय लागला. अख्खी गॅलरी उठली, हलगी कडाडली, माझ्या शेजारचा एक पावणा रेफ्रीच्या घरच्यांच्या नावानं मोठ्यानं काहीतरी बोलला. मी बापूंकडं बघितलं. त्यांची मैदानाकडं पाठ होती आणि ते काकूंचा डावा पाय पुढच्या पायरीवर नीट टेकतोय का ते बघत होते. तो फाऊल त्यांना दिसलाच नाही.